आठ जणांचा स्लॉट

अक्काच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सोमवारी होतं. आम्ही थीम पार्कला गेलो ते त्याआधीच्या गुरुवारी. हा क्रम तिनंच ठरवला होता.

अक्का म्हणजे माझी आत्या, नानांची थोरली बहीण. वय एकाहत्तर, मुक्काम रावेर. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते म्हणून घरातही तेच नाव पडलं. नाना म्हणजे माझे वडील. ते आणि मी जळगावला राहतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट वेळेवर व्हायची असली की ती माझ्याकडे सोपवतात.

वर्षभरापूर्वी माझ्या भाचीनं अक्काला मोबाइलवर एका रोलर कोस्टरचा व्हिडिओ दाखवला. पुढच्या डब्यात बसलेल्या कुणीतरी काढलेला, सव्वा मिनिटाचा. गाडी खडखडत चढते, मग एकदम खाली येते आणि आडवीतिडवी पळते. अक्कानं तो दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा लावायला सांगितला आणि शेवटी स्वतःच्या फोनवर मागून घेतला. केळीच्या बागेत बाया दुपारी जेवायला बसल्या की त्यांना ती तो दाखवायची. यात्रेतला आकाशपाळणा असो की हा कोस्टर, तिच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे दोन्ही ‘पायना’च.

ऑपरेशनची तारीख घ्यायला आम्ही जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा तिनं खर्च विचारला नाही, भूल विचारली नाही. पहिला प्रश्न हा होता : “डाक्टरसाहेब, या पायांनी मले पायन्यात बसता येईन का?”

डॉक्टरांना नीट समजावं म्हणून तिनं व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पूर्ण पाहिला. नंतर तिचे तपासणीचे कागद पुन्हा चाळले.

“सध्या काही हरकत नाही,” ते म्हणाले. “हृदय छान आहे, बीपी छान आहे. फक्त जास्त वेळ उभं राहायचं नाही. ऑपरेशननंतर मात्र असले धक्के कायमचे बंद.”

“मंग अगुदर,” अक्का म्हणाली. अगुदर, ऑपरेशनच्या आधी.

म्हणजे मामला साधा होता. गुरुवारी बसली तर बसली, नाही तर हा विषय संपला.

अडचण उभं राहण्याची होती. काठी टेकवून अक्का दहा मिनिटं उभी राहते, फार तर पंधरा. मुंबईच्या बाजूच्या त्या पार्कमध्ये थंडीच्या दिवसांत या एका कोस्टरची रांग दोन तासांवर जाते, असं भाचीच्या मैत्रिणींनी सांगितलं होतं. पण तिथं आता आगाऊ वेळ घेण्याची सोय झाली होती. तिकिटावरचा चौकोनी कोड पार्कच्या ॲपमध्ये टाकायचा, हवा तो खेळ निवडायचा, वीस मिनिटांचा एक स्लॉट घ्यायचा आणि त्या वेळेला वेगळ्या फाटकातून सरळ आत जायचं. पार्कमध्ये शिरल्याशिवाय बुकिंग सुरू होत नाही. एका वेळी एकच स्लॉट मिळतो. तो वापरला किंवा बुडाला की पुढचा. उशीर दहा मिनिटांपर्यंत चालतो. त्या फाटकाला जिने नाहीत, उतार आहे. हे नियम मी आधीच वाचून वहीत उतरवून घेतले होते. अक्काच्या गुडघ्यांसाठीच कुणीतरी हे सगळं बसवलंय असं वाटावं, इतके ते सोयीचे होते.

बुधवारी सकाळी आम्ही भाड्याच्या गाडीनं जळगावहून निघालो. अक्का, तिचा मुलगा आणि सून आदल्या दिवशीच रावेरहून आले होते. त्यांच्यासोबत भरताच्या वांग्यांचं पोतं होतं आणि गाडीच्या टपावर कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा. वांगी दुसऱ्या कशावर भाजली तर ती चव येत नाही, यावर अक्काच्या मुलानं चर्चा होऊ दिली नाही. धुळ्याला माझी धाकटी बहीण, तिचे यजमान आणि भाची गाडीत बसले. असे आम्ही आठ झालो. ड्रायव्हर नववा, पण त्यानं तिकीट नको म्हणून सांगितलं होतं. त्याला झोप काढायची होती.

धुळ्याच्या मेहुण्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. उंचीची त्यांना इतकी धास्ती की घराच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते पाहायला दुकानातला माणूस पाठवतात. नाशिक आल्यावर त्यांनी अक्काला विचारलं, “अक्का, इतकी वर जाईसन काय देखनं शे?”

“तुमची टाकी,” अक्का म्हणाली.

गुरुवारी पहाटेच अक्काच्या मुलानं लॉजच्या मागच्या मोकळ्या जागेत काड्या पेटवल्या. धूर पाहून मॅनेजर धावत आला. त्याला वांगं दाखवलं, मग तो थांबून पाहतच राहिला. आठ वाजता भरीत तयार झालं, पुऱ्यांचा डबा भरला, आणि साडेनवाला आम्ही पार्कच्या फाटकातून आत होतो. अक्काच्या अंगावर गुलाबी पंजाबी ड्रेस होता. आयुष्यातला पहिला. गल्लीतल्या शिंपीचाचांकडे तो शिवायला टाकताना तिनं ऑपरेशनला साडी चालत नाही असं कारण सांगितलं होतं. खांद्याच्या पिशवीत दवाखान्याची फाइल होती. फाटकावर कुणी वय काढलंच तर दाखवायला.

आत आल्या आल्या मी ॲप उघडलं. इथं जे झालं ते नोंदवलं पाहिजे.

भाची माझ्या खांद्यावरून पाहत होती. ती म्हणाली, “मावशी, दहा पन्नासला दोन जागा आहेत. अक्काआजी आणि मी. पटकन टाक.”

“दोघीस्नंच काय?” मेहुणे म्हणाले. “बठ्ठास्नं नाव टाक.”

“सगळ्यांचं? तुम्ही बसणार आहात?” माझ्या बहिणीनं विचारलं.

“मी काय बसनार नही. पन नाव टाक. येवानं की नही ते मंग देखसूत.”

यात काही विनोद आहे असं त्यांना वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर भाऊबंदांतल्या प्रत्येकाचं नाव असतं. जो सुरतेहून येणार नाही हे पक्कं माहीत असतं त्याचंही. येणं वेगळं आणि नाव असणं वेगळं. पत्रिकेतून एक नाव सुटल्यामुळे दोन घरांचं बोलणं बंद झाल्याचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

नानांनी निकाल दिला. “आठांचंच टाक. या दोघी वर आणि आपण खाली, ते बरं नाही दिसत.”

मी आठ हा आकडा निवडला. दहा पन्नास गेलं, अकरा तीस गेलं, बारा दहा गेलं. आठ जागा एकत्र मोकळ्या असलेला पहिला स्लॉट एक दहा ते एक तीसचा होता. तो घेतला. सल्ला इतरांचा असला तरी बोट माझं होतं.

त्यानंतरचे दोन-अडीच तास कसे गेले ते सांगण्यासारखं आहे, कारण अशा ठिकाणी वेळ इतका विचित्र जाताना मी पूर्वी पाहिला नव्हता. दुसरा स्लॉट घेता येत नव्हता. साध्या रांगा होत्या, त्यांतल्या छोट्या खेळांवर बाकीचे जाऊन आले. अक्का कोस्टरसमोरच्या बाकावर बसली. तिच्या आजूबाजूच्या सगळ्या बाकांवर माणसं होती आणि जवळजवळ सगळी फोनमध्ये पाहत होती. खेळ समोर चालू होते आणि लोक त्यांच्या वेळा बघत होते. कुणी ‘आपलं बारा दहा’ म्हणून उठायचं, कुणी ‘अजून चाळीस मिनिटं’ म्हणून दुकानात शिरायचं. पार्कनं रांग काढून टाकली होती. वाट पाहणं तेवढं उरलं होतं आणि ते बाकाबाकांवर सांडलं होतं.

नानांना हे मुळीच पटलं नाही. “रांग दिसतच नाही, तर आपला नंबर जवळ आला हे माणसाला कळणार कसं?” त्यांनी मला विचारलं.

“घड्याळात.”

“घड्याळात वेळ कळते. नंबर नाही.”

ते उठून साध्या रांगेपाशी गेले आणि कठड्यावर हात ठेवून तिथल्या लोकांशी बोलत उभे राहिले. अर्ध्या तासात त्यांना रांगेतल्या चार कुटुंबांची गावं, त्यांच्या गाड्यांची भाडी आणि एका नवऱ्यामुलाचा पगार कळला होता. आरक्षणवाल्या फाटकातून आत जाणाऱ्या लोकांशी मात्र त्यांना एक वाक्य बोलायला मिळालं नाही. ती माणसं चालतच आत जात होती.

अक्का तक्रार करत नव्हती. ती गाड्या मोजत होती. “तीन मिनिटाले एक सुटते,” तिनं मला सांगितलं. “एका बाईनं वर जाऊन डोये मिटले. पैसे वाया.”

बाराला आम्ही जेवायला बाहेर पडलो. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. हातावर शिक्का घेऊन बाहेर जायचं आणि परत यायचं. माझं गणित असं : बारा दहाला गाडीपाशी, साडेबारापर्यंत जेवण, एकच्या आत परत. अक्कासाठी वीस मिनिटं सैल सोडली होती.

सुनेनं गाडीच्या सावलीत सतरंजी अंथरली, भरिताचं भांडं उघडलं, आणि त्याच वेळी अक्काचं लक्ष दोन गाड्या सोडून उभ्या असलेल्या एका मोटारीच्या पाटीकडे गेलं.

“एकोणीस!” ती म्हणाली. “व माय, आपली गाडी!”

जळगाव जिल्ह्याच्या गाडीच्या नंबरात एकोणीसचा आकडा असतो. घरी तशा गाड्या दिवसाला हजार दिसतात आणि कुणी मान वर करत नाही. चारशे किलोमीटरवर तो दिसला की गोष्ट बदलते. त्यात समोर भरीत उघडं होतं. शेजारी आपल्याकडची माणसं असताना त्यांना न विचारता भरीत खाणं आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं. आणि मोटारीच्या बॉनेटवर एक बाई प्लॅस्टिकच्या डब्यातले सँडविच मांडत होती.

“अहो, एकोणीसवाले!” अक्का बसल्या जागेवरून ओरडली. “ते ठेवा आत. भरीत हाये.”

ते पाच जण होते, जामनेर तालुक्यातल्या पहूरचे. त्यांनी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा अर्धं नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा चपला काढून सतरंजीवर आले. पुढचा भाग कोणीही सांगू शकेल. त्या बाईची मोठी आत्या रावेरला दिलेली निघाली. कोणत्या गल्लीत, तर अक्काच्या मागच्या. मग त्या आत्याच्या मुलाची नोकरी, त्याच्या घराचं बांधकाम आणि बांधकामाच्या वेळी पडलेली अक्काची भिंत हे सगळं क्रमानं निघालं. पहूरच्या गृहस्थांनी यंदा केळीला काय भाव लागला ते विचारलं. त्यावर अक्काचा मुलगा बोलू लागला, आणि तो या विषयावर थोडक्यात बोलत नाही.

बारा पंचावन्नला मी म्हटलं, “निघायला हवं.”

“पाहुणे ताटावर आहेत,” नाना म्हणाले.

एक पाचला मी पुन्हा म्हटलं. या वेळी उत्तर अक्कानंच दिलं. “अजून वीस मिनिटं हायेत ना? त्या पोरीले एक पुरी वाढ. लाजू राह्यली ती.”

आम्ही एक पंचवीसला उठलो. पार्किंगपासून कोस्टरपर्यंतचं अंतर मी सकाळी मोजलं होतं : आठ मिनिटं. ते माझ्या चालीनं होतं. अक्काच्या चालीनं बावीस लागली. आरक्षणाच्या फाटकावर पोहोचलो तेव्हा एक सत्तेचाळीस झाले होते. सवलतीची दहा मिनिटं धरूनही सात मिनिटं उशीर.

फाटकावर निळ्या टी-शर्टातली एक मुलगी होती, विशीतली. तिनं माझ्या फोनवर यंत्र धरलं. यंत्र लाल झालं.

“स्लॉट गेलाय, मॅडम. एक दहा ते एक तीसचा होता.”

“मंग पुढचा दे ना, बाई,” अक्का म्हणाली. “आमच्याकडे केयीच्या कापणीचा नंबर चुकला तं व्यापारी दुसरा देते.”

“इथं मी देत नाही, आजी. ॲप देतं.”

“तो कुठी बसते?”

मुलगी हसली, पण फाटकावरून हलली नाही. नानांनी त्यांचं हमखास अस्त्र काढलं. “बेटा, तू कुठली?”

“नांदेडची.”

“हां,” नाना म्हणाले आणि मागे सरकले. नांदेडला त्यांचं कुणी नव्हतं.

अक्कानं पिशवीतून फाइल काढून तिच्या हातात दिली. तिच्या मते हा कागद कुठंही चालायला हवा होता. मुलीनं पहिलं पान खरोखर वाचलं. “आजी, ह्यात सगळं नॉर्मल आहे,” ती म्हणाली. “तुम्ही बसू शकता. फक्त वेळ गेलीय.” मग माझ्याकडे वळून तिनं हळू आवाजात दोन गोष्टी सांगितल्या. संध्याकाळपर्यंतचे सगळे स्लॉट भरले आहेत, पण लोक रद्द करतात आणि त्या जागा ॲपवर परत दिसतात. “आठ नाही मिळणार. एक-दोन मिळतील. लक्ष ठेवा.”

आठ मिळणार नाहीत हे आमच्या लोकांनी ऐकलं, पण घेतलं नाही. अक्काचा मुलगा म्हणाला, “मी साध्या रांगेत नंबर लावतो. जवळ आला की आईला बोलावू.” दवाखान्यात, तहसीलमध्ये, तोलकाट्यावर आम्ही असंच करतो, आणि मागचा माणूस ते समजून घेतो, कारण त्याचाही कुणीतरी चहाला गेलेला असतो. मुलगा रांगेत शिरला. बारा मिनिटांत परत आला.

“काय झालं?”

“मागच्या बाईनं विचारलं, किती जण येणार. मी म्हटलं सात. ती म्हणे, मग मीही आमची सोसायटी बोलावते.”

मग आम्ही बाकावर बसलो. दोन फोन, एक माझा आणि एक भाचीचा. दर काही सेकंदांनी पडदा खाली ओढायचा, तो फिरायचा आणि ‘उपलब्ध नाही’ अशी अक्षरं यायची. सकाळी अक्का गाड्या मोजत होती, आता तिचं कोस्टरकडे पाहणंही बंद झालं होतं. एकदाच तिनं सुनेला विचारलं, “पहूरच्या पोरीनं ती पुरी खाल्ली का?” सून म्हणाली, खाल्ली. “मंग झालं,” अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. चूक कुणाची यावर आमच्यात एरवी तासभर वाद झाला असता. त्या दिवशी कुणी तो काढला नाही, कारण त्या सतरंजीवर सगळेच बसले होते.

तीन वाजून पाच मिनिटांनी माझ्या फोनवर दोन जागा दिसल्या.

“दोन!” मी म्हटलं.

“कोण दोघं?” नानांनी विचारलं.

“अक्का आणि भाची.”

“भाची कशी? मुलगा आहे ना तिचा सोबत.”

“मी चालेन की,” मुलगा म्हणाला. “पण मग हिला वाईट वाटेल.” ही म्हणजे सून.

“मला काही वाईट नाही वाटत,” सून म्हणाली. त्यावर तिघांनी एकदम सांगितलं की तिला वाटेल. पडदा फिरला आणि दोन जागा गेल्या. सगळा प्रकार चाळीस सेकंदांचा असेल. भाचीनं कपाळावर हात मारला. मेहुण्यांनी एकट्यांनीच सुटकेचा श्वास सोडला. त्यांचं नाव आपोआप गळलं होतं.

साडेतीननंतर दहा मिनिटांनी पुन्हा काही तरी आलं. चार वीस ते चार चाळीस. जागा एक. ती कुणी सोडली हे कळण्याचा मार्ग नव्हता.

“एकच आहे,” मी म्हटलं.

“एकटी?” नाना म्हणाले. “नको. अनोळखी माणसांत, त्या वयात. अजून पाहू, दोन येतील.”

“दाब,” अक्का म्हणाली.

“अक्का, ऐक तर…”

“नाना, तू ऐक.” ती काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांच्याकडे वळली. “यात्रेत पायना आला की तुम्ही सगये बसत. अन् तुमच्या चपला, तुमच्या पिशव्या, तुमचे रडके पोरं घेऊन मी खाली उभी. पन्नास वर्षं. तवा कोनी म्हटलं नाही, अक्का एकटी खाली काहून?”

तिचं बोलणं संपण्याआधी मी दाबलं होतं. पडद्यावर हिरवी खूण आली.

मग मेहुणे नानांना म्हणाले, “नाव ते बठ्ठास्नंच टाकेल व्हतं ना आपन.” या वाक्यानं नानांचं समाधान झालं असावं, कारण ते उठून अक्कासाठी पाणी आणायला गेले.

चार अठराला आम्ही फाटकावर होतो, या वेळी दोन मिनिटं आधी. नांदेडच्या मुलीनं अक्काला ओळखलं. यंत्र हिरवं झालं. अक्कानं काठी मुलाकडे दिली, चष्मा आणि चपला सुनेकडे, फाइल माझ्याकडे. ओढणी काढायला सांगितलं, ती तिनं नानांच्या खांद्यावर टाकली. मुलीनं तिच्या दंडाला धरलं आणि दोघी उतारावरून हळूहळू वर निघाल्या. अक्कानं मागं पाहिलं नाही. आम्ही वर केलेले हात तसेच राहिले.

मग चांगली जागा शोधण्यावरून गडबड झाली. मेहुण्यांना वळणापाशी उभं राहायचं होतं, माझ्या बहिणीला उताराखाली. शेवटी कठड्याजवळ सात माणसांची जागा झाली. गाडी चढली. तिसऱ्या रांगेत गुलाबी कपडे दिसले.

“ती देखा! अक्का!”

आम्ही सातही जण ओरडलो, हात हलवले. नानांनी ओढणी फडकवली. गाडी खाली आली, गर्रकन वळली आणि गेली. तीन मिनिटांनी पुढची आली. तिच्यातही गुलाबी होतं, शेवटच्या रांगेत. आता मेहुण्यांना खात्री वाटली की मघाची ती नव्हतीच, ही आहे. आम्ही पुन्हा ओरडलो. तिसऱ्या गाडीत गुलाबी कपड्यांतले दोन जण होते. त्यांतला एक पुरुष होता. त्यालाही आम्ही हात केला, आणि वरून त्यानंही केला.

“कोनाले टाटा करू राह्यले?” मागून आवाज आला.

अक्का आमच्या पाठीमागच्या बाकावर बसली होती. फाटकातून वर गेल्यावर तिला लगेच पहिल्याच गाडीत बसवलं होतं. आम्ही जागेवरून वाद घालत होतो तेव्हाच ती चढून, उतरून, बाहेरच्या वाटेनं कुणाचा तरी हात धरून इथं आली होती. गेल्या तीन गाड्या तिनं आम्हाला बघितलं होतं.

तिचे केस उभे होते. सुनेनं चष्मा दिला, तो तिनं हातातच धरला.

“घाबरली नाही ना?” मुलानं विचारलं.

“मी कायले घाबरू? सगयं नॉर्मल लिहिलं हाये.” मग थोडं पाणी पिऊन म्हणाली, “बाजूले एक पोरगं व्हतं. पुन्याचं. वर जाईपर्यंत मले सांगे, आजी, घाबरू नका, माझा हात धरा. अन् खाली येईपर्यंत माझा हात सोडे ना. हे पाह्य.” तिच्या मनगटावर चार बोटांचे लाल वळ होते.

“तुम्ही ओरडल्या?” भाचीनं विचारलं.

“ओरडली ना. त्याचेच पैसे घेतात.”

तिचे गुडघे दुखत होते का, हे मी विचारलं. दुखत होते. सकाळपेक्षा जास्त. तिनं ते एका शब्दात सांगितलं आणि पुन्हा त्या पोराकडे वळली : तो काय शिकतो, त्याचं लग्न ठरलंय का. एवढं तिनं सव्वा मिनिटात कसं काढलं ते मला अजून कळलेलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत कोस्टरशिवाय दुसरा विषय निघाला नाही. बसलं एकच माणूस होतं, पण बोलत आठही होते. नाशिक सोडलं तोवर मेहुणे वळणावर पोटात कसं होतं ते ड्रायव्हरला समजावून सांगत होते.

रविवारी दुपारी अक्काला जळगावच्या दवाखान्यात दाखल केलं. भेटीच्या वेळेत पंधराएक माणसं आली. रावेरची, भुसावळची, नशिराबादची काही. ऑपरेशनबद्दल विचारायला म्हणून येत आणि पार्कबद्दल विचारत. नाना खाटेच्या पायथ्याशी खुर्चीवर बसून सांगत होते. स्लॉट म्हणजे काय, तो कसा घ्यायचा, आपला कसा गेला, मग एकटीचा कसा मिळाला. त्यांचं सांगणं चांगलं होतं आणि वेळाही बरोबर होत्या. फक्त पहूरच्या पाहुण्यांचा भाग त्यांनी थोडा आवरला होता.

“गाडी वर चढते,” ते म्हणाले, “आणि एकदम टोकावर जाऊन जरा थांबते. माणसाला खाली पाहू देते. मग सोडते.”

“थांबत नाही,” अक्का खाटेवरून म्हणाली.

“थांबते, अक्का. मी स्वतः पाहिलं. चार-पाच गाड्या पाहिल्या.”

“तुले खालून तसं दिसलं, नाना.”

खोलीतली सगळी माणसं नानांकडून अक्काकडे वळली. नानांनी खुर्ची जवळ ओढली.

“मग कसं असतं?” त्यांनी विचारलं.

अक्कानं पाठीमागची उशी उभी करून घेतली, आणि फाटकावरच्या मुलीनं तिचा दंड धरला तिथपासून सांगायला सुरुवात केली.